गव्हर्नरचा पगार कोणी द्यायचा? अमेरिकी वसाहतींच्या बंडापासून संविधानापर्यंत

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, चहावर पौंडामागे जेमतेम ३ पेन्स कर होता आणि अमेरिकी वसाहतींतले बहुतेक गोरे लोक स्वतःला इंग्रजच समजत होते, तर मग एवढ्याशा करासाठी त्यांनी इंग्लंडशी संबंध का तोडले? आणि १७७६ साली स्वातंत्र्य जाहीर झाले असताना संविधान लिहायला १७८७ साल का उजाडावे लागले? त्यांच्या पाठ्यपुस्तकात हे दोन विषय दोन निरनिराळ्या प्रकरणांत दिलेले आहेत आणि त्यांना जोडणारा धागा त्यांना सापडत नाही.

मी महाविद्यालयात आधुनिक जगाचा इतिहास २८ वर्षे शिकवला आणि जवळजवळ दरवर्षी हा प्रश्न कोणी ना कोणी विचारला. माझ्या समजुतीप्रमाणे यातील खरी अडचण कराच्या रकमेत अडकून राहण्याची आहे. रक्कम बाजूला ठेवून एकच गोष्ट पाहत गेलो की दोन्ही प्रकरणे जोडली जातात: वसाहतीचा कारभार करणाऱ्या माणसाचा पगार कोणाच्या हातात आहे? ज्याच्या हातात पगार, त्याच्याकडे तो माणूस पाहणार. १७६३ ते १७७६ या काळातील भांडण या प्रश्नाचे होते, आणि १७७६ नंतर हाच प्रश्न नव्या राज्यांच्या आपापसांत उभा राहिला.

उत्तराला एक मर्यादा आहे, ती सुरुवातीलाच नोंदवतो. '१३ वसाहतींना काय वाटत होते' असे सरसकट वाक्य लिहिता येत नाही. बोस्टनचा व्यापारी, व्हर्जिनियाचा तंबाखूवाला जमीनदार, पेनसिल्व्हेनियाच्या सरहद्दीवरचा शेतकरी आणि दक्षिणेतील गुलाम यांचे हेतू वेगळे होते. कोणी आर्थिक कारणांना अधिक वजन देतो, कोणी विचारांना. तुम्ही कोणत्या वसाहतीकडे आणि कोणत्या वर्गाकडे पाहता यावर ते वजन बदलते. तरीही अधिकाराचा प्रश्न सगळीकडे येतो, म्हणून मी त्याच्या आधाराने पुढे जातो.

बहुतेक वसाहतींत गव्हर्नर लंडनहून नेमला जाई, पण त्याच्याबरोबर लोकांनी निवडलेले एक विधिमंडळही असे. व्हर्जिनियातील अशा सभेची पहिली बैठक १६१९ साली झाली होती. मतदानाचा हक्क मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांपुरता होता, परंतु जमीन मुबलक असल्यामुळे इंग्लंडच्या मानाने तो पुष्कळच अधिक लोकांना मिळत असे. स्थानिक कर ही सभाच बसवी, आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या वसाहतींत गव्हर्नरचा पगारही तीच वर्षावर्षाने मंजूर करी. हे सर्वत्र सारखे नव्हते. व्हर्जिनियात गव्हर्नरचा पगार तंबाखूच्या निर्यातीवरील कायमस्वरूपी करातून जाई, तर कनेक्टिकट आणि र्‍होड आयलंड येथे गव्हर्नरच निवडून येत असे. पण जिथे पगार सभेच्या हातात होता, तिथे राजाच्या माणसाला सभेशी जमवून घेणे भाग होते. शंभर वर्षांहून अधिक काळ हे कोठेही ठळकपणे न लिहिता चालले, आणि लोकांना तोच आपला हक्क वाटू लागला. लंडनच्या दृष्टीने मात्र ती केवळ सवलत होती.

ही संदिग्धता १७६३ साली उघडी पडली. सात वर्षांच्या युद्धात ब्रिटनने फ्रान्सचा पराभव करून कॅनडा मिळवला, परंतु या युद्धात ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट होऊन सुमारे १३ कोटी पौंडांवर गेले. अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायम ठेवायचे ठरले आणि त्यांच्या खर्चाचा काही भाग वसाहतींनी उचलावा असे लंडनला वाटू लागले. लंडनच्या बाजूने पाहिले तर ही मागणी अवाजवी नव्हती, आणि विद्यार्थ्यांनी ती बाजू समजून घ्यावी असा माझा आग्रह असतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजाने जाहीरनामा काढून अ‍ॅपलेशियन डोंगररांगेच्या पश्चिमेला वसती करण्यास मनाई केली. मूळ रहिवाशांशी पुन्हा लढाई नको, हा त्यामागचा हेतू होता; पण ज्या जमिनीसाठी आपण लढलो तीच आपल्याला बंद झाली, असे सरहद्दीवरील वसाहतवाल्यांना वाटले.

यानंतरचे दोन प्रसंग मी वर्गात नेहमी शेजारी ठेवतो. १७६४ साली परदेशी मळीवरील जकात ६ पेन्सांवरून ३ पेन्सांवर आणली गेली, म्हणजे कर निम्मा झाला. १७७३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत पूर्वीपेक्षा स्वस्त मिळण्याची व्यवस्था झाली. दोन्ही वेळी वस्तू स्वस्त झाली आणि दोन्ही वेळी संताप वाढला. तो का वाढला, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे म्हणून मी पाच मिनिटे गप्प राहत असे. जुनी ६ पेन्सांची जकात कागदावरच होती, कारण व्यापारी ती चुकवत आणि अधिकारी दुर्लक्ष करीत; नवी ३ पेन्सांची जकात खरोखर वसूल व्हायची होती, आणि तिचे खटले ज्यूरी नसलेल्या आरमारी न्यायालयांत नेता येणार होते. म्हणजे कर कमी झाला, पण तो ठरवणारा आणि वसूल करणारा हात लोकांच्या आवाक्याबाहेर गेला.

१७६५ चा मुद्रांक कायदा याच वाटेवरचा पुढचा टप्पा होता. न्यायालयीन कागद, परवाने, वर्तमानपत्रे, इतकेच काय पण खेळायच्या पत्त्यांनाही मुद्रांक लागणार होता. त्याचा फटका वकील आणि छापखानेवाले यांना सर्वांत आधी बसला, आणि समाजात बोलण्या-लिहिण्याचे काम तर हेच लोक करतात. ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला ९ वसाहतींचे प्रतिनिधी जमले आणि आमच्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून आमच्यावर कर बसवता येणार नाही असा ठराव त्यांनी केला. 'तसे असेल तर पार्लमेंटमध्ये जागा द्यायला काय हरकत होती?' असे विद्यार्थी विचारतात. त्याच परिषदेने त्याचे उत्तर दिले होते: समुद्रापलीकडील पार्लमेंटमध्ये आमचे प्रतिनिधित्व होणे व्यवहारात शक्य नाही, म्हणून कर लावण्याचा अधिकार आमच्या स्थानिक सभांकडेच असला पाहिजे. मागणी जागांची नव्हतीच, आपल्या सभेचा अधिकार मान्य व्हावा इतकीच होती. मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने मुद्रांक कायदा मागे घेतला, पण त्याच वेळी सर्व बाबतींत वसाहतींना बांधील असे कायदे करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, असे सांगणारा दुसरा कायदाही केला. कर गेला, परंतु वाद लिखित स्वरूपात कायम राहिला.

१७६७ चे टाउनशेंड कायदे वाचताना बहुतेक जण काच, शिसे, रंग, कागद आणि चहा ही यादी पाठ करतात आणि पुढे जातात. थांबायची जागा यादीनंतर येते. या जकातीचे उत्पन्न वसाहतींतील गव्हर्नर आणि न्यायाधीश यांच्या पगारासाठी वापरता येईल, अशी त्यात तरतूद होती. एकदा गव्हर्नरला परस्पर पगार मिळू लागला की त्याला सभेची गरज उरत नाही. तो सभा बोलावो किंवा न बोलावो, त्याचे काही अडत नाही. बहिष्कारामुळे १७७० साली चहा वगळता इतर जकाती उठल्या. चहावरची ठेवली ती मुख्यतः पार्लमेंटचा हक्क शाबूत राहावा म्हणून. १७७२ साली मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा आणि वरिष्ठ न्यायाधीशांचा पगार राजाकडून देण्याचे ठरले, आणि बोस्टनकरांनी नोव्हेंबरमध्ये पत्रव्यवहार समिती स्थापन केली ती या बातमीनंतर. गावोगावी अशा समित्या निघाल्या आणि पुढे त्यांच्यातूनच पर्यायी सत्ता उभी राहिली. चहा समुद्रात पडला तो याच्या वर्षभर नंतर. म्हणून परीक्षेसाठी टिपण काढताना १७७२ हे साल गाळू नका.

आता चहाकडे येतो, कारण इथे आपला खरा संबंध लागतो. १७७० चा बंगालमधील भीषण दुष्काळ, लष्करी खर्च आणि गैरकारभार यांमुळे ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली होती आणि लंडनच्या वखारींत तिचा प्रचंड चहा पडून होता. हा चहा चीनहून आणलेला होता. भारतात चहाचे मळे तेव्हा नव्हतेच. ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांच्या सरकारने १७७३ साली कंपनीला १४ लाख पौंडांचे कर्ज दिले, तिचा चहा थेट अमेरिकेत, ठरावीक अडत्यांमार्फत विकण्याची मुभा दिली, आणि तिच्या भारतातील कारभारावर अंकुश ठेवणारा नियामक कायदाही त्याच वर्षी केला. त्या कायद्याने युद्ध आणि तह यांच्या बाबतीत मुंबईचे सरकार कलकत्त्याच्या अधीन झाले. मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावाशी मार्च १७७५ मध्ये केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने अमान्य केला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला, त्यामागे हाच कायदा होता. बोस्टनचे बंदर आणि पुरंदरचा तह एकाच वर्षीच्या एकाच सरकारी धोरणाशी जोडलेले आहेत, हे मराठी वाचकाने अवश्य लक्षात ठेवावे.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथून चहाची जहाजे परत फिरवण्यात आली. बोस्टनमध्ये गव्हर्नरने जहाजांना परतीचा परवाना नाकारला. चहाच्या अडत्यांत त्याचे मुलगेही होते. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनकरांनी सुमारे ३४० पेट्या चहा पाण्यात फेकला. पार्लमेंटने १७७४ साली बोस्टन बंदर बंद केले. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून वरिष्ठ मंडळाची निवड रद्द करून राजाकडून नेमणूक सुरू केली, आणि गावसभा वर्षातून एकदाच, त्यापलीकडे गव्हर्नरच्या परवानगीनेच भरेल असे ठरवले. आज मॅसॅच्युसेट्सची सनद गेली तर उद्या आपलीही जाईल, हे इतर वसाहतींना कळले. सप्टेंबर १७७४ मध्ये १२ वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला जमले, आणि त्यांनी ठरवलेला बहिष्कार अमलात आणण्यासाठी गावोगावी निवडलेल्या समित्या काम करू लागल्या. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली, तेव्हा बऱ्याच ठिकाणचा व्यवहारातील कारभार राजाकडून या समित्यांकडे गेलेला होता.

स्वातंत्र्य तेव्हाही अटळ नव्हते. जुलै १७७५ मध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारला नाही आणि ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचे जाहीर केले. लोकांचा राग तोवर पार्लमेंटवर होता, राजावर नव्हता. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेन यांच्या पुस्तिकेने राजेशाहीवरच साध्या भाषेत हल्ला केला आणि तिच्या प्रती झपाट्याने खपल्या. २ जुलै १७७६ रोजी काँग्रेसने स्वातंत्र्याचा ठराव मंजूर केला आणि ४ जुलैला जाहीरनाम्याचा मसुदा स्वीकारला. त्याचा प्रसिद्ध आरंभ सर्वांना पाठ असतो. मी विद्यार्थ्यांना आधी मधली तक्रारींची यादी वाचायला लावत असे. न्यायाधीशांची मुदत आणि पगार राजाने केवळ आपल्या मर्जीवर ठेवले, ही तक्रार तिथे स्पष्ट शब्दांत आहे. गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद मात्र काँग्रेसने मसुद्यातून काढून टाकला, आणि 'सर्व माणसे समान' हे वाक्य गुलामगिरी शाबूत असलेल्या समाजात राहिले. मला ही गोष्ट शिकवताना दरवेळी जड जाई, आणि ती कोणी टाळू नये असे मला वाटते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: सभेच्या हातात थैली होती, लंडनने थैलीला वळसा घालण्याचा प्रयत्न केला, प्रत्येक प्रयत्नातून वसाहतींत नव्या संस्था उभ्या राहिल्या आणि शेवटी त्या संस्थांनीच राजाची जागा घेतली.

युद्धाबद्दल मी फार लिहीत नाही. साराटोगाच्या लढाईतील अमेरिकनांच्या विजयानंतर फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने तह केला आणि ब्रिटनला एकाच वेळी अनेक आघाड्यांवर लढावे लागले. त्याच काळात नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांच्याशी कंपनीची लढाई चालू होती आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना नामुष्कीचा करार करावा लागला. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शरणागती पत्करली, तो कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल म्हणून भारतात आला. ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहाने अमेरिकेचे स्वातंत्र्य ब्रिटनने मान्य केले.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. १७७६ ते १७८७ या काळात सरकार नव्हते असे नाही. राज्यांनी आपापली संविधाने लिहिली, आणि त्यांना एकत्र बांधणारा महासंघाचा करारनामा १ मार्च १७८१ पासून लागू झाला. दूरच्या सत्तेचा अनुभव इतका ताजा होता की या करारनाम्याने केंद्रीय काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच दिला नाही. ती राज्यांकडे पैसे मागू शके. राज्ये द्यायची तर देत. प्रत्येक राज्याला एक मत होते आणि करारनाम्यात बदल करायला सर्व १३ राज्यांची संमती हवी होती. आयातीवर ५ टक्के जकात लावण्याची सूचना १७८२ साली एकट्या र्‍होड आयलंडच्या नकारामुळे पडली, आणि दुसऱ्या प्रयत्नात न्यूयॉर्क आडवे आले. जून १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहाला वेढा घातला आणि काँग्रेसला प्रिन्सटनला जावे लागले. पगाराचा प्रश्न उलट्या बाजूने परत आला होता. पूर्वी केंद्र परस्पर पगार देऊ पाहत होते म्हणून भांडण झाले. आता केंद्राकडे पगार द्यायला काहीच नव्हते.

१७८६ च्या उन्हाळ्याअखेर पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडायला सुरुवात केली. राज्याने युद्धकाळातील कर्ज फेडण्यासाठी जड कर बसवले होते, ते नाण्यांत भरायचे होते, आणि न भरणाऱ्यांच्या जमिनीवर जप्ती येत होती. यातले बरेच जण युद्धात लढलेले होते. जानेवारी १७८७ मध्ये त्यांनी स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारावर चाल केली. महासंघाकडे पुरेसे सैन्य नव्हते, म्हणून बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. जमिनीवर जप्ती आणि नाण्यांचा तुटवडा यांचा अर्थ महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही. मालमत्ताधारक पुढाऱ्यांची भीती खरी होती आणि शेतकऱ्यांचे गाऱ्हाणेही खरे होते.

मे ते सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला एकूण ५५ प्रतिनिधी येऊन गेले. र्‍होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. करारनामा दुरुस्त करायला आलेल्या या लोकांनी नवे संविधान लिहिले. केंद्राला कर बसवण्याचा अधिकार द्यायचा, पण तो 'दूरचा हात' होऊ द्यायचा नाही, असा त्यांच्यापुढचा पेच होता. त्यांनी काढलेला मार्ग असा की अधिकाराचा उगम राज्य सरकारांत न ठेवता लोकांमध्ये ठेवला. संविधानाला मंजुरीही विधिमंडळांऐवजी खास निवडलेल्या सभांकडून घेतली. करविषयक विधेयक लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधिगृहातच सुरू होईल असे ठरवले. न्यायाधीशाचा पगार त्याच्या कारकिर्दीत कमी करता येणार नाही, हे कलमात लिहिले. १७७२ ची बोस्टनची तक्रार पंधरा वर्षांनी कायद्याचे कलम झाली. आपल्या संविधानातही धन विधेयक लोकसभेतच मांडले जाते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन नेमणुकीनंतर त्यांना अहितकारक होईल असे बदलता येत नाही, हे सोबत वाचले तर दोन्ही तरतुदी पक्क्या लक्षात राहतील.

लहान आणि मोठ्या राज्यांचा वाद सिनेटमध्ये प्रत्येकाला दोन जागा आणि प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार जागा देऊन मिटवला. गुलामगिरीचा प्रश्न मिटवला नाही, पुढे ढकलला. प्रतिनिधित्वासाठी गुलामांची संख्या तीनपंचमांश धरली, म्हणजे ज्यांना कोणताही हक्क नव्हता त्यांच्यामुळे त्यांच्या मालकांच्या जागा वाढल्या. आणि १८०८ पर्यंत काँग्रेसला गुलामांच्या आयातीवर बंदी घालता येणार नाही असे लिहिले. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकांपैकी जवळजवळ ७ लाख गुलाम होते. मूळ रहिवाशांच्या जमिनींचे काय, याचे उत्तर त्यांच्याशी सल्लामसलत न करताच ठरले. 'प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही' म्हणणाऱ्यांचे प्रतिनिधित्व कोठपर्यंत पोचले, हे उत्तरपत्रिकेत लिहायला संकोच करू नका.

मंजुरी सहज मिळाली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशा मतांनी ती झाली. विरोधकांचा आक्षेप होता की हे केंद्र म्हणजे दुसरे पार्लमेंट होईल. त्यांच्या दबावामुळेच १७९१ साली पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या. त्या पाठ करण्याऐवजी १७६१ ते १७७४ च्या तक्रारींशी जुळवून पाहा: घरात सैनिक ठेवण्यास मनाई, सरसकट झडतीला मनाई, ज्यूरीचा हक्क. जवळजवळ प्रत्येकीची मूळ घटना तुम्हाला सापडेल.

वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अध्यक्षपदाची शपथ घेतली, आणि दोन वर्षांत नव्या सरकारने दारूवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांनी वसुली अधिकाऱ्यांना बोस्टनच्याच रीतीने डांबर फासले. १७९४ साली वॉशिंग्टन यांनी सुमारे १३,००० शिबंदी घेऊन स्वतः कूच केले. बंड विरले, राजद्रोहासाठी दोघे दोषी ठरले आणि दोघांनाही त्यांनी माफी दिली. कर तसाच राहिला. १८०० च्या निवडणुकीत विरोधी पक्ष निवडून आला आणि १८०२ साली त्याच्या काँग्रेसने तो मतदानाने रद्द केला.